बावीस नंबरची फ्लॉपी

कॉम्प्युटरवर खेळायचंच असेल तर एखादा अब्रूदार खेळ निवडा. हातात बंदूक घ्यावी, समोरची तीनशे माणसं मारावीत आणि अकराला शांत झोपावं. त्या तीनशेंतला एकही जण मरता मरता मान वळवून "काय हो, जेवलात का?" असं विचारत नाही. खेळाने खेळणाऱ्यापासून एवढं अंतर राखलंच पाहिजे.

ते अंतर न राखणारी खेळांची एक जात आहे, तिच्यापासून सांभाळा. चित्रातल्या वस्तूंवर माउसने टिचक्या मारत कोडी सोडवायची, आणि मधूनच एखाद्या पात्राने काचेबाहेर बघून तुमचीच फिरकी घ्यायची. पूर्वी तमाशात सोंगाड्या बतावणी थांबवून पुढे बसलेल्या पाटलाची टोपी उडवायचा. त्यातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो; आता पैसे मोजून पुन्हा पाटलाच्या जागी कशाला बसायचं?

नमुना म्हणून १९९० सालचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' घ्या. नमुना म्हणून घ्या, विकत नको. लुकासफिल्म गेम्समधल्या रॉन गिल्बर्टने टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांना सोबत घेऊन तो केला. नायक गायब्रश थ्रीपवुड. नावावरूनच कळतं की घरच्यांना फार अपेक्षा नव्हत्या. त्याला समुद्री चाचा व्हायचंय. बेटावरच्या जंगलात त्याला तोडलेल्या झाडाचा एक बुंधा दिसतो. आत भुयारं आहेत म्हणून तो हरखतो, तुम्हीही हरखता, आणि पडद्यावर हुकूम येतो: २२ नंबरची फ्लॉपी घाला. तेव्हा खेळ फ्लॉपी नावाच्या चकत्यांवर भरून यायचा, आणि खोक्यात त्या मूठभरच. मग ३६ नंबरची मागतो. मग ११४ नंबरची. शेवटी गायब्रश म्हणतो, जाऊ दे, खेळाचा हा भाग सोडावा लागेल.

यावर हसू नका. शहाण्या लोकांनी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन करून आपल्या खोक्यात बावीस नंबर नसल्याची तक्रार नोंदवली होती. तुम्हीही तेच करा. इतके फोन आले की सीडीवरच्या आवृत्तीतून तो विनोदच काढून टाकला. सुधारणा अशीच होते, कुणीतरी चिकाटीने तक्रार करावी लागते. पण खेळ करणारी ही माणसं सुधारणारी नव्हेत. १९९१ च्या दुसऱ्या भागात गायब्रश जंगलातल्या फोनवरून स्वतःच कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन लावतो.

मृत्यूच्या बाबतीत तर यांना काही धरबंदच नाही. त्या काळच्या 'किंग्ज क्वेस्ट'सारख्या खेळांत शिस्त होती: एक पाऊल चुकलं की मेलात, आणि खेळ मध्ये जपून ठेवला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. माणसाला वळण लागायचं. इथे गायब्रश कड्यावरून कोसळतो, पडद्यावर तस्सीच मरणाची चौकट येते, तुम्ही हळहळता, आणि क्षणभरात तो चेंडूसारखा उसळून वर येतो. खाली रबराचं झाड होतं म्हणे. म्हणजे आपण जे दुःख केलं ते फुकट गेलं.

मरायचंच असेल तर एक जागा आहे. दहा मिनिटं श्वास रोखता येतो अशी फुशारकी गायब्रश मारत असतो. पुढे त्याला एका जड मूर्तीला बांधून पाण्यात फेकतात. आजूबाजूला दोर कापता येईल अशा धारदार वस्तू पसरलेल्या, आणि सगळ्या हातभर लांब. आता तुमच्यासारखा विचारी माणूस दोराची लांबी मोजतो, कोन बघतो, कागदावर आकृती काढतो. तेच करत राहा. दहा मिनिटं पूर्ण झाली की तो खरोखर मरतो, आणि पडद्याखाली हुकूम सोडायला 'उघड', 'ढकल', 'उचल' अशी क्रियापदं होती त्यांच्या जागी 'तरंग', 'फुग' असली येतात. त्यातच एक: 'उत्तरांचं पुस्तक मागव'. वास्तविक मूर्तीच उचलून चालू पडायचं होतं. हे उत्तर मी तुम्हाला सांगितलं याबद्दल क्षमस्व. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तलवारबाजी शिकायची हौस असेल तर आधीच सांगतो, इथे मनगटाचं काही काम नाही. टोमणे मारून जिंकायचं. समोरचा म्हणतो, गवळ्यासारखा लढतोस. त्यावर, शोभतंय, कारण तू गाईसारखा लढतोस, हे सुचलं तर सरशी तुमची. सुचलं नाही तर हरायचं, आणि हरता हरता तो टोमणा पाठ करून पुढच्या चाच्यावर वापरायचा. पुढे तलवारबाजीची उस्ताद बाई येते ती वेगळेच टोमणे मारते. तिला जुनीच उत्तरं नव्याने बसवावी लागतात. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्या आत्याबाई हे बिनकॉम्प्युटरचं करायच्या, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. हरलो मात्र बराच.

दुसऱ्या भागात एक धबधबा बंद करायचा असतो, त्यासाठी पाना हवा. बारमध्ये पियानो वाजवणारं माकड आहे. मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका मोजणाऱ्या यंत्राच्या, काट्यावर केळं लावायचं, ते बघत माकड थिजतं, मग ते उचलून खिशात टाकायचं आणि पंपाला पाना म्हणून लावायचं. का? तर इंग्रजीत त्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. आपल्या गॅरेजमधला पोरगा "बारा नंबरचा पाना दे" एवढंच म्हणतो, त्यात माकड येतच नाही. तेव्हा हे कोडं सुटलं नाही तर लाज बाळगू नका. सुटलं तर मात्र थोडी बाळगा.

माझी गत सांगतो, म्हणजे तुम्ही सावध व्हाल. पहिल्या भागात रबराची एक कोंबडी मिळते, तिच्या पोटात मधोमध कप्पी. ही कशाला, हे कुणी सांगत नाही. मी ती दारांना लावून पाहिली, माणसांना दाखवली, भांड्यात घातली. रात्री दीड वाजता आई पाणी प्यायला उठली.

"अजून झोपला नाहीस? काय करतोयस?"

"कोंबडी लावून बघतोय."

आई थोडा वेळ मागे उभी राहिली. पडद्यावर पलीकडे एक बेट होतं आणि तिथवर एक तार. "मग त्या तारेवरून ने की तिला, कप्पी आहे ना," म्हणाली आणि झोपायला गेली. विहिरीवर पाणी शेंदलेली बाई. मी कोंबडी तारेला लावली आणि सुर्रकन पलीकडे गेलो. एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "हळू, बाबा उठतील."

एवढं होऊनही ज्यांना धडा घ्यायचा नाही त्यांच्यासाठी २०२० साली फ्रान्समधून 'देअर इज नो गेम: राँग डायमेन्शन' आला. तो निदान प्रामाणिक आहे. सुरू करताच प्रोग्रॅम स्वतः बजावतो की इथे खेळबिळ काही नाही, दुसरं काहीतरी करा. तुम्ही हटत नाही, तो वैतागतो. इतका स्पष्ट सल्ला मीसुद्धा देऊ शकलेलो नाही. तो ऐका. कॉम्प्युटर बंद करा, दळण आणा, वीजबिल भरा. त्या खेळाच्या शीर्षकातलं एखादं अक्षर जरा सैल वाटलं तरी ओढून पाहू नका.

या लेखाच्या शीर्षकातलंही नको. हात खाली घ्या.