गाडी घेतली की रणगाडा?

बाप्पा, आता खरंच डोकं फिरलं! नागपूरच्या महाल भागातली आमची गल्ली भोसल्यांच्या काळातली. ती काही रुंद होत नाही. गाड्या मात्र दरवर्षी फुगतच चालल्या आहेत. मारुती ८०० आठवते? रुंदी जेमतेम १.४४ मीटर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. अख्खं कुटुंब त्यात रामटेकला जाऊन यायचं. आज मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही १.९ मीटर रुंद आणि दोन टनांच्या घरात! आत माणसं किती? एक. तोही कशासाठी निघालेला? बडकस चौकात तर्री-पोहे खायला!

काल आई इतवारीतून भाजी घेऊन येत होती. असंच एक धूड गल्लीत घुसलं. आई भिंतीला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून उभी. आरसा पिशवीला घासून गेला, चार संत्री नालीत. काच खाली करून ‘लागलं का काकू’ एवढंही विचारवलं नाही त्याला. बॉनेटच इतकं उंच की आई दिसली तरी असेल का?

वर ‘इलेक्ट्रिक आहे, प्रदूषण नाही’ हे ऐकवतात. धूर नाही, कबूल. पण मोठी बॅटरीच ४००-५०० किलोची, तिचं काय? टायर झिजून उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाते? वेग तोच आणि वजन दुप्पट, तर धडकेचा जोरही दुप्पट. तो कोण सोसणार, सायकलवरचं पोरगं?

छोटी इलेक्ट्रिक गाडी मिळते ना बाजारात! ती का नाही घेत?