धुकं हटवल्यावर काय दिसतं?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘मॉरोविंड’ या व्हिडिओ गेमचं जग अवाढव्य आहे असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, धुकं हटवणारा मॉड (गेममध्ये बदल करणारी चाहत्यांची फाइल) टाकला की गेम जिथे घडतो ते व्हार्डनफेल बेट एका नजरेत मावतं. मोठेपणाचा भास संथ चालीमुळे आणि धुक्यामुळे होतो, बाकी सगळा जुन्या आठवणींचा मुलामा.

मुलाम्याचं आधी सांगते. हा २००२चा गेम मी पहिल्यांदा खेळले तीन वर्षांपूर्वी. आठवणी नव्हत्याच.

बेट लहान आहे, मान्य. याच मालिकेतला १९९६चा ‘डॅगरफॉल’ कितीतरी पट मोठा. पण तिथली बहुतेक गावं संगणकाने साच्यातून काढलेली; चार पाहिली की पाचव्याची ओढ राहत नाही. इथे गुहाही हाताने रचलेल्या. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही, कुणीतरी तोंडी रस्ता सांगतं, तो चुकतो, आणि चुकल्यावर जे सापडतं ते कुणी समजावून देत नाही. सिल्ट स्ट्रायडर हा घराहून उंच किडा. त्याच्या पोखरलेल्या कवचात बसून हाकणारा त्याचे उघडे अवयव चाचपत त्याला चालवतो. टेलव्हानी घराण्यातल्या जादूगारांचे मनोरे म्हणजे वाढवलेल्या प्रचंड अळंब्या, आणि वर जायला जिना नाही! जादूने तरंगता येत नसेल तर भेट नाही. नेरेव्हार हा तिथला पुराणवीर कसा मेला? मंदिर, म्हणजे बेटावरचं धर्मपीठ, म्हणतं, लढाईतल्या जखमांनी. राखेच्या प्रदेशातले भटके म्हणतात, ज्यांना मंदिर देव मानतं त्यांनीच मारला. गेम ठाम निकाल देत नाही.

लढाईबद्दल मात्र तुमचं खरं आहे. दम संपला की समोर लागलेली तलवारही ‘चुकते’, ते मलाही खटकतं. खेळाडूच्या कामांच्या नोंदवहीचा गोंधळ ‘ट्रायब्युनल’ या विस्तारात बराच निस्तरला.

पण धुक्याचं पटत नाही; मोठेपणा मला न उलगडलेल्या गोष्टींत दिसतो. ड्वेमर ही अख्खी जमात एका क्षणात नाहीशी झाली. एकच उरलाय, याग्रम बागार्न: रोगाने फुगलेला, यंत्राच्या कोळीपायांवर बसलेला. आपल्या लोकांचं काय झालं हे त्यालाही नक्की माहीत नाही, तोही अंदाजच करतो. त्याच्याशी बोलून वर आले, तेव्हा वाटेत लागलेली ड्वेमरांची सगळी ओसाड अवशेषस्थळं मला पुन्हा पाहावीशी वाटली, आणि मी खरंच परत गेले. तो टेल फिर या जादूगाराच्या मनोऱ्याच्या तळघरात असतो. तुम्ही त्याला भेटलात का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.