पेपर मोजून संशोधनक्षमता कळत नाही

इंदूरच्या मराठी डॉक्टरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कॉलेजची संशोधनक्षमता वाढली का, हे बघायला वेगळं मूल्यमापन कशाला हवं? छापलेले पेपर म्हणजे शोधनिबंध मोजा, कार्यशाळांची प्रमाणपत्रं मोजा. संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या हिताची काळजी घेऊन परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांचा जाच कमी करा आणि मूल्यमापनाचा पैसा रुग्णांसाठी वापरा. लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे, पण यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

‘पेपर वाढले म्हणजे क्षमता वाढली.’ पेपर कमी आहेत हे मान्य. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांच्या नावावर 2005 ते 2014 या दहा वर्षांत एकही शोधनिबंध नव्हता. पण बढती पेपरांवर टांगली की पेपर कसेही येतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जैववैद्यकीय नियतकालिकांचं विश्लेषण 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, त्यांतल्या 27 टक्के लेखांचे मुख्य पत्रव्यवहार करणारे लेखक भारतातले निघाले, सगळ्या देशांत जास्त. हा आकडा आपण क्षमतेच्या खात्यात जमा करायचा का?

‘प्रशिक्षण झालं, काम झालं.’ पीजींना, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे, आणि तो चांगला आहे. पण तो पास झालेला रेसिडेंट (असाच शिकाऊ डॉक्टर) थीसिसला लागला की काय होतं ते बघा. सॅम्पल साइझचं, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याचं, गणित सीनियरच्या सिनॉप्सिसमधून (थीसिसच्या आराखड्यातून) जसंच्या तसं उतरतं, कधी तर त्यातला प्रिव्हॅलन्सचा (आजार किती जणांना आहे याचा) आकडा भलत्याच आजाराचा असतो. केसपेपरवर नुसतं ‘डीएम’ लिहिलेलं. डायबेटिस किती वर्षांपासून, औषध कोणतं, याचा पत्ता नाही. शुगरचा रिपोर्ट स्टेपल निघून कुठेतरी गळलेला. आणि स्टॅटिस्टिशियनची आठवण होते ती सगळा डेटा गोळा झाल्यावर, ‘सर, पी व्हॅल्यू काढून द्या’ म्हणायला (निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखायचा हा आकडा). प्रमाणपत्रं मोजून यातलं काहीच दिसत नाही. रेकॉर्ड रूममधून मागितलेली फाइल मिळते का, स्टॅटिस्टिशियनला सुरुवातीलाच विचारलं जातं का, गाईडला सिनॉप्सिस वाचायला वेळ असतो का, हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. मूल्यमापन म्हणतात ते हेच.

‘एथिक्स कमिट्यांमुळे संशोधन अडतं.’ हे इंदुरात म्हटलं जावं याचं मला फार वाईट वाटतं. औषधचाचण्यांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्वास्थ्य अधिकार मंच याच शहरातला. आपल्याकडे तेव्हा चाचण्यांना तोटा नव्हता. संमतीपत्रावर अंगठा देणाऱ्याला आपण कशाला होकार देतोय हे कळलंय का, असं विचारणारं कुणी नव्हतं. 2013 पासून एथिक्स कमिट्यांची नोंदणी सक्तीची झाली. कमिटीला खोदून प्रश्न विचारता येणं हीसुद्धा संस्थेची क्षमताच आहे, आणि तीही तपासलीच पाहिजे.

राहिला पैशाचा मुद्दा. विकसनशील देशांनी राष्ट्रीय आरोग्यखर्चाचे किमान 2 टक्के संशोधनावर आणि त्याची क्षमता उभारण्यावर खर्चावेत, अशी शिफारस आरोग्य संशोधनावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1990 मध्येच केली होती. तेवढा पैसा मागायचा तर आधी मिळालेल्याचं काय झालं ते सांगता यायला हवं. क्षमता वाढवायचा अनुदानित प्रकल्प सुरू व्हायच्या आधीच सद्यःस्थिती नोंदवून ठेवली तर हे काम महागही पडत नाही. मग अनुदान संपल्यावर वर्षा-दोन वर्षांनी परत जायचं आणि विचारायचं: मशीन चालू आहे का, तपासणीला लागणाऱ्या रसायनांचा (रीएजंटचा) खर्च कोण करतंय, करारावर घेतलेला टेक्निशियन टिकला की गेला?