‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ म्हणजे फॉरेन नव्हे

गेले काही दिवस ग्रुपाग्रुपांतून फिरणारा एक मेसेज आता मावशीच्या फोनवरून आला आहे, ‘खरं आहे का रे हे?’ एवढ्या प्रश्नासकट. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. तिथे दिसणारा आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८ ने सुरू झाला तर तुम्ही हॅकरच्या नेटवर्कवर आहात. शेजाऱ्याकडेही तोच आकडा निघाला तर दोघांचा हॅकर एकच. मग ‘नेटस्टॅट’ (चालू जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड) टाइप करा. ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’खाली आकडे दिसले तर परदेशातून कोणीतरी तुमच्या मशीनमध्ये शिरलंय. ‘रिलीज’ची कमांड दिली की तो बाहेर जातो. १६९ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे सरकारी पाळत. आणि तळाला ‘मोफत तपासणी’साठी एक मोबाइल नंबर.

सगळा खटाटोप त्या नंबरासाठी आहे. तरी मुद्दे घेऊ.

१९२.१६८ चं आधी. फेब्रुवारी १९९६ मधलं ‘आरएफसी १९१८’ हे इंटरनेटच्या मानकांमधलं कागदपत्र कोणालाही फुकट वाचता येतं. त्यात तीन पट्टे खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चे ६५,५३६ पत्ते. घरचा राउटर, म्हणजे वाय-फायचा डबा, बहुतेक वेळा यातूनच पत्ते वाटतो. शेजाऱ्याकडे तोच आकडा निघणं म्हणजे दोन सोसायट्यांत ‘फ्लॅट नंबर ३’ असणं. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लावतो. थोडक्यात, मेसेज ज्याला हॅकिंगचा पुरावा म्हणतो ते घरचं वाय-फाय नीट चालू असल्याचं लक्षण आहे.

पत्ता बघायचाच असेल तर नीट बघा. विंडोजमध्ये विंडोज-की आणि आर एकत्र दाबा, ‘सीएमडी’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर, मग आयपीकॉन्फिग, सलग. चार-पाच ठोकळे दिसतील. ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलेले सोडून द्या. ज्या ठोकळ्यात ‘डिफॉल्ट गेटवे’समोर आकडा आहे, त्यातली ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ची ओळ तुमची, गेटवे म्हणजे तुमचा राउटर. व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) टाकलेलं असेल तर १९२.१६८.५६.१ असा आणखी एक पत्ता दिसतो, गेटवे रिकामा. त्याला बघून घाबरणारेही भेटतात.

आता नेटस्टॅट. या मुद्द्याने खरंच माणसं लुबाडली जातात. फोनवरून ‘टेक्निकल सपोर्ट’ देणाऱ्या ठगांची ही जुनी युक्ती आहे: समोरच्याकडून नेटस्टॅट चालवून घ्यायचं आणि ‘फॉरेन’ या शब्दावर बोट ठेवायचं. आपल्याकडे फॉरेन म्हटलं की दुबई नाहीतर अमेरिका. इथे त्याचा अर्थ एवढाच, की जोडणीचं पलीकडचं टोक. लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) ‘एसएस’ नावाची जी नवी कमांड आहे, तिच्यात याच रकान्याला ‘पीअर अ‍ॅड्रेस’ म्हणतात. तो शब्द असता तर ठगांचा धंदा थोडा अवघड झाला असता.

खात्री हवी असेल तर तोच रकाना पुन्हा वाचा. त्यात बऱ्याचदा १२७.०.०.१ किंवा तुमच्याच मशीनचं नाव असतं. तो तुमचाच कॉम्प्युटर! एक प्रोग्राम त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रोग्रामशी बोलतोय, आणि तोही ‘फॉरेन’मध्ये. बाकीच्या ओळींत पत्त्यापुढे विसर्ग-चिन्हासारख्या दोन टिंबांनंतर ४४३ हा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) किंवा त्याऐवजी ‘एचटीटीपीएस’ दिसेल. ते साधं सुरक्षित वेबपान. ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडे असले तर अशा वीस-तीस ओळी सहज निघतात. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे जोडणी चालू, ‘टाइम वेट’ म्हणजे नुकतीच बंद झालेली.

संशय असेल तर ओळी मोजत बसू नका, कोणता प्रोग्राम बोलतोय ते शोधा. नेटस्टॅट, एक जागा, उणे-चिन्ह आणि लगेच ए-एन-ओ. शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक येतो. तोच टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ टॅबमध्ये ‘पीआयडी’खाली शोधला की नाव कळतं. पत्ता कुठल्या देशातला आहे यापेक्षा, तुम्ही कधी न टाकलेला रिमोट-कंट्रोलचा प्रोग्राम तिथे बसलाय का, हे महत्त्वाचं. आणि तो बहुधा येतो त्या ‘मोफत तपासणी’वाल्यामुळेच: तो एनीडेस्कसारखं काहीतरी टाकायला लावतो आणि स्क्रीनवरचा कोड मागतो.

कोड देऊन झाला असेल तर आधी इंटरनेट तोडा, राउटरची वायर काढली तरी चालेल. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून बदला, त्याच मशीनवरून नाही. बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ही सायबर-फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मग तो प्रोग्राम काढा.

‘रिलीज’बद्दल फार लिहावं असं काही नाही. ती कमांड राउटरकडून मिळालेला पत्ता परत करते, त्यामुळे नेट बंद पडतं. मेसेजवाला याला ‘हॅकर बाहेर गेला’ म्हणतो. तुम्हीच बाहेर गेलात! ‘रिन्यू’ केलं की पुन्हा पत्ता मिळतो, बहुतेक वेळा जुनाच, कारण राउटरने नोंद ठेवलेली असते. राउटरच्या पलीकडचा, जगाला दिसणारा पत्ता यात हलतही नाही.

१६९.२५४ ही पाळत नव्हे. राउटरने पत्ता दिलाच नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. वायर सैल असेल किंवा राउटर अडकला असेल. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

मेसेजमध्ये एक वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो: ‘आयपीवरून तुमचा ठावठिकाणा कळतो.’ पण तो १९२.१६८ वाला आयपी नाही, राउटरला बाहेरून मिळालेला. त्यावरून वेबसाइटला कंपनी आणि साधारण शहर कळतं, तेही कधीकधी चुकीचं. नाशिकात बसून मुंबई दिसू शकते. ग्राहकाचं नाव-पत्ता इंटरनेट कंपनीकडे असतो. शिवाय राउटरच्या सेटिंगमधल्या ‘वॅन’ (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. तेव्हा नुसत्या पत्त्यावरून कंपनीलाही घर सापडत नाही, नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो.