लिफ्ट बसवताना माणूस जातो तेव्हा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. लिफ्टला सेफ्टी ब्रेक असतो, ती पडूच शकत नाही; बसवताना कामगार मेला तर चूक त्याचीच. प्यालेला असेल तर दमडी मिळत नाही. काम कंत्राटाने दिलं की मालक सुटला. आणि महाराष्ट्रातून आलेल्याला कर्नाटकात हक्कच नाही.

ब्रेकचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. तयार लिफ्ट भरधाव खाली आली की गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं यंत्र, ते ओळखतो, त्याचा दोर केबिनच्या पाचरी ओढतो आणि त्या गाईड रेलला, म्हणजे केबिन जिच्यावरून सरकते त्या उभ्या पट्टीला, गच्च धरतात. पण हे सगळं जोडून, तपासून झाल्यावर. कामगार डक्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, उतरतो तेव्हा रेल अजून उभ्या व्हायच्या असतात, गव्हर्नर खोक्यात असतो आणि केबिनचा सांगाडा चेन ब्लॉकला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, लटकत असतो. ज्या ब्रेकच्या जिवावर तुम्ही त्याला दोषी ठरवता, तो बसवायलाच तर तो आलेला असतो!

लिफ्ट फक्त खालीच जाते असंही नाही. केबिनला तोलून धरणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या वजनात, म्हणजे काऊंटरवेटमध्ये, केबिनच्या वजनावर क्षमतेच्या साधारण 40 ते 50 टक्के भार जास्तीचा असतो. मशीनचा ब्रेक सुटला की रिकामी केबिन वर धावते आणि टपावरचा माणूस छताला चिरडतो. आणि मजल्यामजल्यावरची दाराची भोकं फळ्यांनी बंद केली नसतील, तर मरायला लिफ्टही लागत नाही.

‘बेल्ट दिला होता’ हे ठरलेलं उत्तर. दिला, पण अडकवायचा कशाला? वर भक्कम हुक आणि लाईफलाईन, म्हणजे बेल्ट अडकवायचा दोर, नसेल तर तो बेल्ट फोटोपुरता. काही पोरं घाईत बेल्ट काढतात, हे खरं. घाई कुणी लावली, तेही विचारा.

दारूचं म्हणाल, तर 1923 च्या भरपाई कायद्यात ती सबब होती. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ती चालत नव्हती. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच. कंत्राटाचंही तसंच: आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्याकडे भरपाई मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. राहत्या घरात लिफ्ट बसवून घेणारा गृहस्थ मात्र यात सहसा येत नाही, तेवढं मजकुराचं बरोबर.

सीमेची थाप सगळ्यात वाईट, कारण ती ऐकून घरचे गप्प बसतात. चंदगडचा पोरगा बेळगावात कामावर मेला, तर दावा अपघात झाला तिथे, वारस राहतात तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, कुठेही लावता येतो. म्हणजे त्याच्या बायकोला बेळगावच्या खेपा घालायची गरज नाही, कोल्हापूर जिल्ह्यातून दावा होतो. मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षं. पोलिसांतली नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या. मुकादम पगार फोनपेवर टाकत असेल तर गेलेल्या कामगाराचा मोबाईल रिसेट करू नका आणि सिमही बंद करू नका. तो कुणाकडे कामाला होता, हे बऱ्याचदा तेवढ्यावरच सिद्ध करावं लागतं.