रात्रीच्या उड्डाणासाठी लाल टॉर्चचा हट्ट सोडा

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडच्या गावांतल्या घरांतही कॉकपिटच्या गोष्टी होऊ लागल्या आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच शिकणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर सध्या फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं. संदेशाचा गाभा असा: रात्रीच्या उड्डाणाला फक्त लाल उजेडाचा टॉर्च वापरा, पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की अर्धा तास काही दिसत नाही, लुमेन (उजेड मोजण्याचं एकक) जितके जास्त तितका टॉर्च चांगला, डोक्याला बांधायचा घ्या म्हणजे हात मोकळे राहतात, आणि विमान नव्या स्क्रीनवालं असेल तर टॉर्चही नको, मोबाईल पुरे.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यामुळेच तो सगळ्यांना पटतो. अंधारात पाहण्याचं काम डोळ्यातल्या दंडपेशी करतात. त्यांना अंधाराला पूर्ण सरावायला साधारण ३० मिनिटं लागतात आणि झगझगीत उजेडाने तो सराव काही सेकंदांत मोडतो. लाल रंगाला या पेशी फारशा दाद देत नाहीत, म्हणून मंद लाल उजेडात रात्रीची नजर बरीचशी टिकते. इथपर्यंत बरोबर. पण संदेश लिहिणाऱ्याने 'मंद' हा शब्द गाळला. भगभगीत लाल उजेडही नजर बिघडवतो, आणि अगदी मंद केलेला पांढरा उजेड क्षणभर नकाशावर टाकला तर जग बुडत नाही.

लाल उजेडाची खरी अडचण मात्र संदेशात कुठेच नाही. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून जी तपासणी करायची, ती लाल टॉर्चने करणं मला धोक्याचं वाटतं. लहान विमानांच्या ब्रेकमध्ये बहुधा लाल रंगाचं हायड्रॉलिक तेल असतं. चाकावरच्या पांढऱ्या कव्हरवर ते गळालं असेल तर लाल उजेडात कव्हर आणि तेल एकाच रंगाचे दिसतात, म्हणजे गळती दिसतच नाही. पिस्टन इंजिनाचं १०० एलएल पेट्रोल निळसर असतं, तर जेट इंधन रंगहीन किंवा फिकट पिवळं. टाकीतून काढलेला नमुना लाल उजेडात धरला तर हा फरक कळणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधते. विमानाचा वेग मोजायला हवा आत घेणाऱ्या पिटो नळीचं तोंड किंवा इंधन टाकीचा हवेचा मार्ग तिने बुजवला असेल तर तो पांढऱ्या, स्वच्छ उजेडातच नीट दिसतो. ज्यांचे वडील रात्रीच्या लाइनवर ओलिताला जातात त्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. धुऱ्यावर पाय कुठे पडतो हे पाहायला बाबा जसा उजेड नेतात, तसाच विमानाभोवती फिरतानाही हवा.

आत बसल्यावरही लाल उजेडाची पथ्यं आहेत. नकाशावरच्या लाल रेषा आणि लाल अक्षरं लाल उजेडात दिसेनाशी होतात. वेगमापकावरची कमाल वेगाची लाल रेघही तशीच पुसट होते. शिवाय लाल प्रकाशात जवळचं वाचायला डोळ्यांना जास्त ताण द्यावा लागतो. विशीतल्या मुलाला ते जाणवणार नाही, शेजारी बसलेल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रशिक्षकाला नक्की जाणवेल. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या वैमानिकांसाठीच्या मार्गदर्शनात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे: लाल उजेड रंग बिघडवतो, म्हणून नकाशा आणि उपकरणं वाचायला पांढरा उजेड हाताशी हवाच. झगझगीत उजेड टाळता येत नसेल तर एक डोळा मिटून घ्या, असाही सल्ला तिथे आहे. तो फुकट आहे आणि उपयोगी आहे.

मग रात्रीची नजर जपायची कशाला, असंही कोणी म्हणू नये. नागझिरा-नवेगावच्या जंगलावरून चंद्र नसलेल्या रात्री उडताना खाली एकही दिवा नसतो, क्षितिज हरवतं, आणि दूरच्या शेतांमधले सुटे दिवे ताऱ्यांसारखे भासू लागतात. अशा वेळी बाहेर पाहायला डोळे सरावलेलेच हवेत. म्हणून माझं मत असं: बाहेरच्या तपासणीला पांढरा, आत शक्य तितका मंद, आणि मंद करता येणं हे रंगापेक्षा महत्त्वाचं.

यातच लुमेनच्या मुद्द्याचं उत्तर आलं. हजार लुमेनचा टॉर्च हातभर अंतरावरच्या विमानाच्या पांढऱ्या पंखावर मारला तर उजेड उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो. तपासणीला शे-दोनशे लुमेन भरपूर झाले. घेताना दुकानातच बटण दाबून पाहा: आधी मंद उजेड लागतो की एकदम पूर्ण? पूर्ण उजेडाने सुरू होणारा, किंवा मंद करायला जावं तर मध्येच लुकलुकू लागणारा टॉर्च कॉकपिटमध्ये नेऊ नका, मग तो कितीही महागाचा असो. तळाला चुंबक असलेलाही नको. होकायंत्राजवळ तो आला की सुई भरकटते.

मोबाईलचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. स्क्रीनवालं विमान विजेवर चालतं आणि रात्री टॉर्चची सर्वांत जास्त गरज वीज गेल्यावरच पडते. मुख्य स्क्रीन काळे पडले की राखीव उपकरणं, फ्यूज आणि इंधनाचा खटका शोधायला तुमच्या हातातलाच उजेड उरतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ मध्ये रात्री उडणाऱ्या विमानात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या जागेवर स्वतंत्र, हाती धरता येणारा दिवा सांगितला आहे तो यासाठीच. मोबाईलचा स्क्रीन डोळ्यांसमोर उजळतो, घामेजल्या बोटांनी नीट दबत नाही आणि हातातून सुटला तर थेट पायाखालच्या रडर पॅडलपाशी (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पॅडलपाशी) जातो. बरेच जण त्याच फोनवर नकाशाही पाहतात, म्हणजे चार्जिंग आधीच अर्धं संपलेलं.

डोक्याला बांधायचा टॉर्च जमिनीवर चांगला, त्यात वाद नाही. हवेत मात्र प्रशिक्षकाशी बोलायला मान वळवली की उजेड त्यांच्या डोळ्यांत जातो, आणि काचेच्या छतावर त्याचं प्रतिबिंब पडून बाहेरचं दिसेनासं होतं. त्यापेक्षा छोटा पेन टॉर्च दोरीने गळ्यात घाला.

म्हणजे टॉर्च दोन हवेत. पालकांनी घाबरू नये. साधे, तालुक्याच्या गावी मिळणारे पेन्सिल सेलवर चालणारे दोन टॉर्च पुरतात. व्यावसायिक परवान्यासाठी रात्रीचे किमान ५ तास आणि स्वतःच्या जबाबदारीवर १० उड्डाणं व १० उतरणी लागतात, त्या सगळ्या काळात हेच दोन चालतील. दुसरा टॉर्च हवाच, कारण पहिल्याचे सेल अंधारात बदलायलाही उजेड लागतो. सेलचा एक नवा संच पिशवीत ठेवा. एरवी न वापरता पडलेल्या टॉर्चमधून सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच पाझरतात. आणि मे महिन्यात चार्जिंगवाला टॉर्च उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि अशा उष्णतेत लिथियमचे सेल लवकर खराब होतात.