कीरन मगीनीबद्दल, पोस्ट मोठी आहे पण वाचा

मागच्या आठवड्यात लेकीचा केशरी जर्सीतला फोटो टाकला तर निम्म्या लोकांनी विचारलं हे कसलं फुटबॉल, बॉल हातात कसा. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहिते. आणि लिहायचंच तर मगीनीबद्दल, आमच्या आर्मा टीमचा आधी कॅप्टन आणि मग मॅनेजर, कारण या माणसामुळे मला हा खेळ कळला.

आम्ही न्यूरीला राहतो, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, बॉर्डरला अगदी लागून. इथे सगळ्यांच्या जिवाचा खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल. पंधरा-पंधराच्या टीम, बॉल हातात घेऊन पळता येतं पण चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटायचा नाहीतर पायाच्या बोटावरून परत स्वतःच्या हातात उडवायचा. गोलच्या आडव्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट (2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन), जाळीत घातला तर गोल म्हणजे तीन पॉइंट. म्हणून स्कोअर 1-11 असा लिहितात, एक गोल अकरा पॉइंट, एकूण चौदा.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की यात कुणालाच पगार नाही. मोठ्यातला मोठा प्लेअर सोमवारी सकाळी आपापल्या कामावर असतो, कोण शाळेत शिकवतो, कोण वायरिंगची कामं करतो. क्लब म्हणजे आपलं गाव आणि काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, ज्या मातीतले त्याच मातीसाठी खेळायचं. माझ्या लेकीला शिकवणारा माणूस दिवसभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो आणि शनिवारी सकाळी पावसात बॉलची जाळी खांद्यावर टाकून मैदानावर हजर असतो, एक पेनी न घेता. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा त्याने लेकीचं नाव दोनदा विचारून नीट म्हणायला शिकून घेतलं होतं. ते मी विसरणार नाही.

तर आमची काउंटी आर्मा. ऑल आयर्लंड फायनल जिंकली की सॅम मग्वायर कप मिळतो, इथे त्याला नुसतं सॅम म्हणतात, घरातल्या माणसासारखं. आर्माला तो आजपर्यंत दोनदाच मिळालाय, 2002 आणि 2024. पहिल्या वेळी कीरन मगीनी कॅप्टन होता, दुसऱ्या वेळी मॅनेजर.

मुल्लाबॉन नावाच्या छोट्या गावातला हा माणूस, आमच्या घरापासून फार लांब नाही. सहा नंबरची जर्सी, सेंटर हाफ बॅक, म्हणजे डिफेन्सचा कणा. 1953 आणि 1977 अशा दोन फायनल आर्मा हरलेली. 2002 च्या फायनलला समोर केरी, या खेळातली सगळ्यात श्रीमंत परंपरा असलेली काउंटी. हाफ टाइमला आर्मा चार पॉइंटनी मागे, आर्माच्या ओशीन मकॉनव्हिलची पेनल्टी पण हुकलेली. मॅनेजर होते जो कर्नन. ते स्वतः 1977 ची फायनल खेळले होते, त्यात दोन गोल मारले होते आणि तरी टीम वाईट हरली होती. हाफ टाइमला ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी तेव्हा हरलेल्या टीमला आठवण म्हणून मिळालेली पाटी बाहेर काढली, पोरांना दाखवली आणि भिंतीवर आपटून फोडली. हा किस्सा इथे लहान पोराला पण पाठ आहे. सेकंड हाफमध्ये त्याच मकॉनव्हिलने गोल मारला, आर्मा 1-12, केरी 0-14, एका पॉइंटने जिंकले. मगीनीने कप उचलला. त्या दिवसानंतर या माणसाने आयुष्यात काही केलं नसतं तरी आर्मात त्याला कुठल्याही घरात मानाने बसवलं असतं.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. अशी पुण्याई गाठीशी असताना मॅनेजर व्हायची गरज काय होती? बहुतेक मोठे प्लेअर टीव्हीवर बसून बोलतात, ते सोपं असतं, चुकलं तरी काही जात नाही. मॅनेजर झालात की ती पुण्याई डावावर लागते, आणि गल्लीतलं कुणीही येऊन तुम्हाला चार शब्द सुनावू शकतं. मगीनी 2007 ला खेळणं थांबवून लगेच किल्डेअर काउंटीचा मॅनेजर झाला. 2008 ची पहिलीच चॅम्पियनशिप मॅच विकलोकडून हरला. तिथून टीम उभी केली आणि 2010 ला ऑल आयर्लंड सेमीफायनलपर्यंत नेली, तिथे डाउनकडून दोन पॉइंटनी हरले. 2011 ला क्वार्टर फायनलमध्ये डनिगॉलकडून एक्स्ट्रा टाइममध्ये एका पॉइंटने. आणि 2013 ला तिथल्या क्लबांच्या प्रतिनिधींनी मतदान करून त्याला घालवलं, 29 विरुद्ध 28. एका मताने!! सहा वर्षं दिली त्या माणसाने, बाहेरचा असून. मला हे आजही पटत नाही. मतदानाचा हक्क त्यांचा होता हे मान्य, पण टीमला खालून वर आणणाऱ्याला असं काढायचं नसतं.

मग तो आर्माला आला, आधी कोच आणि 2015 च्या सीझनपासून मॅनेजर. सुरुवातीची वर्षं वाचली तर वाटतं हा टिकला कसा. लीगमध्ये तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत खाली गेलेली टीम. 2017 ला क्वार्टर फायनलमध्ये टिरोनने 18 पॉइंटनी धुतलं, 3-17 विरुद्ध 0-8. आणि अल्स्टर चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे आमच्या प्रांताच्या स्पर्धेत, मॅनेजर म्हणून त्याची पहिली मॅच जिंकायला 2019 उजाडलं. पाचवा सीझन! आपल्याकडे पाच महिन्यांत पुतळे जाळले असते.

आम्ही इथे आलो तेव्हा टीम चांगली व्हायला लागली होती, आणि मग ते पेनल्टीचं दुखणं सुरू झालं. 2022 क्वार्टर फायनल गॉलवेविरुद्ध, काय मॅच होती, त्यांचे 2-21, आमचे 3-18, म्हणजे दोघांचे 27, पेनल्टीवर हरलो. त्या मॅचमध्ये मारामारी झाली, आमच्या एका प्लेअरने समोरच्याच्या डोळ्याजवळ बोटं घातली आणि त्याला 24 आठवडे बंदी बसली, ते लाजिरवाणं होतं आणि त्यावर मी सारवासारव करणार नाही. 2023 अल्स्टर फायनल डेरीविरुद्ध, पेनल्टीवर हरलो. त्याच वर्षी क्वार्टर फायनल मॉनहनविरुद्ध, पेनल्टी 9-8, हरलो. त्यानंतर मगीनीला ठेवायचं की नाही यावर मतदान झालं. आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी स्वतः तेव्हा म्हणाले होते की झालं आता, दुसऱ्याला संधी द्या. माझ्याबरोबर ड्युटीला असणारी एक सिनियर नर्स आहे, तिचा भाऊ क्लबचं काम बघतो, ती मला म्हणाली, नऊ वर्षांत एक पोरगा टीम सोडून गेला नाही त्याच्यावर चिडून, ते बघ. क्लबांनी मोठ्या फरकाने त्याला ठेवलं. किल्डेअरमध्ये एका मताने जे झालं नाही ते इथे झालं.

आणि पुढच्याच वर्षी, 12 मे 2024, क्लोनेसला अल्स्टर फायनल डनिगॉलविरुद्ध, 0-20 दोघांचे, परत पेनल्टी, परत हरलो, 6-5. चौथ्यांदा!! दोन वर्षांच्या आत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतली पोरं गॅरेजच्या दारावर पेनल्टी मारत होती. शटरचा धाड धाड आवाज. माझी लेक पण त्यात. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी खिडकीतून बघितलं तर सगळी उभी राहून वाद घालत होती, शेवटची पेनल्टी कुणालाच मारायची नव्हती. मग तीच पुढे गेली, मारली, दाराला न लागता कुंपणाबाहेर गेली, आणि समोरच्यांचा मुलगा, तेरा-चौदा वर्षांचा असेल, काही न बोलता बॉल आणायला गेला आणि तिच्याच हातात परत दिला.

लोक म्हणतात पेनल्टी म्हणजे नशीब. मला ते अर्धंच पटतं. पण चार वेळा असं हरून तीच पोरं पाचव्या वेळी परत मैदानात उतरतात, पगार नाही, करार नाही, उद्या सोडून दिलं तर कुणी अडवणार नाही, तरी उतरतात, यात नशीब नाही, त्यांना उतरावंसं वाटेल असा माणूस समोर उभा आहे. मॅनेजरचं मोजमाप कप मोजून करणाऱ्यांना मी हेच सांगते.

मग त्याच वर्षीच्या ऑल आयर्लंड सेमीफायनलला केरी, एक्स्ट्रा टाइम, 1-18 विरुद्ध 1-16, जिंकलो. फायनल 28 जुलैला, डब्लिनचं क्रोक पार्क, 82,300 सीट फुल, समोर गॉलवे, 2022 ला पेनल्टीवर हरवणारेच. तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. समोरच्यांच्या घरी टीव्ही, आम्ही चौदा-पंधरा जण, मी पोहे नेले होते. सेकंड हाफमध्ये स्टेफन कॅम्पबेलने गोलसमोरून आडवा पास दिला आणि आरन मकेने बॉल जाळीत घातला. मके फुलबॅक आहे हो! शेवटच्या लाइनचा डिफेंडर तिकडे गोलच्या तोंडाशी काय करत होता? मॅच फार देखणी होती असं मी म्हणणार नाही, सावध होती, चुका होत्या. पण शेवटची पाच मिनिटं त्या खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. 1-11 विरुद्ध 0-13. परत एका पॉइंटने, 2002 सारखंच.

शिट्टी झाल्यावर पोरं रस्त्यावर पळाली, हॉर्न वाजायला लागले. समोरचे आजोबा मात्र खुर्चीतून उठलेच नाहीत. 1977 ची फायनल बघायला डब्लिनला गेलेले आणि हार बघून आलेले. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून टीव्हीकडे बघत बसले होते, पोह्यांची बशी तशीच शेजारी. मी विचारलं पाणी देऊ का, तर नुसती मान हलवली.

2025 ला अल्स्टर फायनल परत डनिगॉलकडून एक्स्ट्रा टाइममध्ये एका पॉइंटने हरलो, 2-23 विरुद्ध 0-28, आणि मग केरीने क्वार्टर फायनलला सेकंड हाफमध्ये सलग 14 पॉइंट मारून आमचा कार्यक्रम आटोपला. लगेच परत सुरू, मगीनीचं संपलं वगैरे. यावेळी मी कँटीनमध्ये त्याच्या बाजूने भांडले. प्लेअर म्हणून त्याने अल्स्टर सहा वेळा जिंकलंय, मॅनेजर म्हणून 2025 पर्यंत एकदाही नाही. सॅम आणलास बाबा, आता ते अल्स्टर पण आण. आजोबांना त्या अल्स्टर फायनलला क्लोनेसला घेऊन जायचं ठरलंय आमचं, गाडी माझी.